आधी बोलून दाखव

मंदाताई कॉम्प्युटरशी एकेरीत बोलायच्या. "आधी बोलून दाखव, मग कर," असं पुटपुटल्याशिवाय त्यांचं बोट एन्टरवर पडत नसे. इंदिरानगरातल्या आमच्या स्टुडिओत लग्नाचे फोटो मी काढायचो आणि त्या सांभाळायच्या. डिजिटल कॅमेरे तेव्हा नुकतेच आले होते. भावाने शिकवलेल्या चार कमांडांच्या बळावर ताई काळ्या पडद्यावर एकच ओळ लिहून ढीगभर फोल्डरांची नावं बदलत. पण ती ओळ चालवण्याआधी तिच्यात 'इको' हा शब्द घालत. मग मशीन काहीही न बदलता, काय बदलणार आहे ते नुसतं लिहून दाखवी.

मला त्याचा भारी कंटाळा. "ताई, देवाला कौल लावताय का?" मी चिडवायचो.

"तुझं काय जातंय? चुकलं तर नवरी पुन्हा बोहल्यावर चढणारे का?"

फोल्डरच्या नावात आधी नवऱ्याकडचं आडनाव, मग आडवी रेघ, मग नवरीकडचं आडनाव असे. एकदा आमचे मालक खैरनार अण्णा वैतागून आले. "ताई, लय लांब नावं झालीत. सीडीवर मावत नाय. रेघेपुढचं सगळं उडवा. लग्न नवरदेवाच्याच नावानं ओळखतात."

ताईंचा चेहरा उतरला. "मग मुलीकडच्यांनी काय नावानं विचारायचं?"

"जावयाच्या."

ताईंनी वाद घातला नाही. 'रेघ आणि तिच्यापुढचं काहीही' असा नमुना त्यांनी टाइप केला आणि सवयीप्रमाणे मशीनला आधी बोलायला लावलं. पडद्यावर जुनं नाव, शेजारी नवं नाव, अशा ओळी उमटल्या. 'जाधव-खैरनार'चं नुसतं 'जाधव' होणार होतं. बाकीच्या जाधवांचंही तेच, म्हणजे सगळे एकाच ढिगात.

"अण्णा, ही आपली वैशाली. हिला यात कुठं शोधायची?"

अण्णा लेकीच्या ओळीकडे बघत राहिले. पाठवणीच्या वेळी रडले नव्हते, पण आता त्यांनी रुमाल काढला. "राहू द्या ताई. सीडीवरचं अक्षर बारीक करू."

स्टुडिओ आता माझ्याकडे आहे. मध्यंतरी मंदाताई गेल्या. त्यांचा मुलगा फ्रेमसाठी फोटो घेऊन आला, खाली टाकायला 'मंदा पवार' असं नाव दिलं. प्रिंट काढण्याआधी मी ते मोठ्याने वाचलं.

"आईचं माहेरचं आडनाव काय रे?"

"भामरे. का हो काका?"

मी तेही टाकलं. अक्षर थोडं बारीक करावं लागलं.