किळस आली म्हणून परतलेली न्यागुथी

न्यागुथी नैरोबीतलं बस्तान मोडून किनांगोपला परतली, तेव्हा पाद्रीबाबांनी रविवारी तिला चर्चमध्ये उभं केलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. बापाच्या गाईंच्या मायेनं लेक घरी आली, म्हणाले. मी तिच्या शेजारीच बसले होते. खाली बसता बसता ती माझ्या कानाशी लागली, "माया कसली डोंबलाची! किळस आली म्हणून आले."

कुठली किळस, ते मला ठाऊक होतं. त्यांचं नि आमचं कुंपण एकच आहे.

नैरोबीत ती बायकांचे केस करायची. वेण्या घालणं, केस सरळ करणं, रंगवणं. चाळिशीला टेकली होती, पण नखात कधी मळ दिसायचा नाही. नाताळात गावी आली तरी उंबऱ्यावर रुमाल टाकून बसायची. गोठ्याकडे फिरकायची नाही. गाई बाप बघायचा, आणि बाप थकल्यावर धाकटा भाऊ गिथैगा.

बाप, म्हणजे मुहोरो, वारला तेव्हा माणसं लोटली. थंडी मरणाची. परड्यात तीन दगडांवर भलीमोठी पातेली चढवून चहा उकळत होता. आलेला प्रत्येक जण कप भरभरून पीत होता. न्यागुथीनंही दोन कप घेतले. पाद्रीबाबा शवपेटीजवळ उभे राहून सांगत होते, की या माणसाच्या गाईंनी गावाला पोसलं, आजही पोसताहेत.

तेवढ्यात दूध कमी पडलं, म्हणून मी तिला गोठ्याकडे धाडलं. बराच वेळ आली नाही, तशी मी मागून गेले.

गाई घोटाभर शेणामुतात उभ्या होत्या. गिथैगा काळ्या गाईखाली बसला होता. तिची कास दगडासारखी सुजलेली, एक सड जांभळा पडलेला. तो पिळला की धार येत नव्हती, पिवळ्या गाठी पडत होत्या नि त्यांच्यामागून रक्ताचे दोरे. बादलीत चांगल्या गाईचं दूध होतं, त्यातच हे पडत होतं. मग त्यानं खुंटीवरचा बापाचा जुना बनियन काढला, त्यातून सगळं गाळलं आणि उरलेला गोळा मुठीत पिळून घेतला.

न्यागुथी कुंपणाला धरून ओकत होती.

"हे तिकडे चाललंय? चहात?" तिनं विचारलं.

"मग काय ओतून देऊ?" गिथैगा म्हणाला. "उकळी आली की सगळं मरतं, ताई. आणि तू एवढी नाक मुरडू नकोस. नैरोबीत पाकिटातलं पितेस ना? ते काय आभाळातून पडतं? आमच्यासारख्यांच्याच कॅनमधून जातं."

बाप खड्ड्यात उतरायचा होता. ती तोंड पुसून माणसांत जाऊन बसली. समोर माझी म्हातारी सासू कपाच्या तळाची साय बोटानं चाटत होती. न्यागुथीनं मान फिरवली.

नैरोबीला परत गेली, पण चहा तोंडाजवळ नेला की तिला तो बनियन दिसायचा. गिऱ्हाइकाचे केस अर्धे सोडून ती हात धुवायला उठायची. शेवटी ती मला फोनवर म्हणाली, "तिथं जाऊन साफ केल्याशिवाय हे माझ्या पोटातून जायचं नाही." आणि आली.

आली ती रबरी हातमोजे घालूनच. बाया कुंपणाशी येऊन हसायच्या, "गाईचं बाळंतपण करायला डॉक्टरीणबाई आल्या!" ती फावड्यानं शेण ओढायची, मध्येच उमासा आला की बाजूला जाऊन थुंकायची, परत फावडं धरायची. पाण्याच्या हौदात शेवाळाखाली मेलेला उंदीर निघाला, फुगलेला. एका गाईच्या खुरात किडे वळवळत होते, ते तिनं चिमट्यानं काढले आणि त्या दिवशी जेवली नाही. लोक म्हणतात, सवयीनं घाण वाटेनाशी होते. तिला झाली नाही. मला वाटतं, सवय झाली असती तर गोठा पुन्हा तसाच झाला असता.

काळ्या गाईला तिनं डॉक्टरकडून सुया टोचून घेतल्या. डॉक्टर बजावून गेले, की औषध अंगात आहे तोवर दूध कुणाच्या पोटात जाता कामा नये. ते ओतून द्यायचं काम तिनं गिथैगाला सांगितलं. आई, वांगारी, दारात बसून कण्हायची, "तुझ्या बापानं थेंब सांडला नाही कधी."

"बापानं काय काय पाजलं ते नको काढायला लावूस, आई."

गिथैगा मात्र कुरकुर न करता कॅन उचलून न्यायचा. एवढा शहाणा कधी झाला, असं तिला वाटलं. पण कुंपणाबाहेर दूध सांडल्याची खूण दिसेना, माश्याही बसलेल्या दिसेनात. एका सकाळी ती त्याच्या मोटरसायकलमागे भाड्याची दुसरी मोटरसायकल करून बाजारात गेली. मलाही ओढलंन बरोबर.

बाजाराच्या मागे मुतुरी नावाच्या दूधवाल्याचं आवार होतं. गिथैगाचं दूध पिंपात पडलं. एक माणूस कोपरापर्यंत हात घालून पिंप ढवळत होता, त्याच हातानं नाक पुसत होता. मग मुतुरीनं निळ्या डब्यातून काहीतरी पांढरं पाणी ओतलं. न्यागुथी दोन पावलं पुढे गेली आणि तिनं डब्यावरचं नाव वाचलं.

"हे मी केसांना लावते," ती म्हणाली. "काळे केस पिवळे करायला! हातमोज्याशिवाय हात लावला तर कातडी जळते."

"दूध नासत नाही, बाई," मुतुरी हसत म्हणाला. "दुपारपर्यंत हॉटेलांत जातं, संध्याकाळपर्यंत पोटात. कुणाचे केस पिवळे झालेले ऐकलेत?"

गिथैगाही हसला. तिनं त्याच्या थोबाडीत मारली नाही. नुसती त्याच्याकडे पाहत राहिली, हौदातल्या त्या उंदराकडे पाहिलं होतं तशी.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर दूध घालायच्या रांगेत तिनं सगळं सांगितलं. बाया कॅन घेऊन उभ्या होत्या. तिला वाटलं, आता आरडाओरडा होईल, सगळ्या मिळून मुतुरीकडे जातील. पण वान्जेरी, जिचं आजारी गाईचं दूध आठवड्यातून दोनदा मुतुरीकडे जातं, शांतपणे म्हणाली, "हे आम्हाला ठाऊक आहे गं. म्हणून तर आम्ही बाजारात गेलो की कोरा चहा मागतो."

"आणि बाकीचे? शाळेतली पोरं?"

"बाकीच्यांचं बाकीचे बघतील. तू रांग पुढे सरकव."

तिनं कॅन उचलला आणि रांगेतून बाहेर पडली. वाटेत मला म्हणाली, "शेण धुता येतं. या बायकांना कशानं धुऊ?" त्या बायकांत माझ्या जावाही होत्या.

त्याच आठवड्यात तिनं गिथैगाला गोठ्यातून हाकललं. तो दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आला. एक म्हणाले, "मुली, भाऊ आहे. दूध काय, आज आहे उद्या नाही." गिथैगानं हात पुढे केला. ती म्हणाली, "आजोबा, तुमच्यासाठी चहा टाकते. याचा हात मी धरणार नाही." वांगारी रडली, पण गाईंची दावी लेकीच्याच हातात राहू दिली.

न्यागुथीनं तालुक्याच्या कचेरीत तक्रार केली. माणसं आली, पिंपं पालथी करून गेली. महिन्याभरात मुतुरीनं पुढच्या गावच्या बाजारात नवं आवार घेतलं.

काळी गाय बरी झाली, पण एक सड कायमचा मेला. आता न्यागुथी दूध केंद्रावर घालत नाही. चार-पाच घरं कुंपणाशी येऊन घेऊन जातात, माझंही त्यात आहे. ती स्वतः थेंबभरही घेत नाही. हातमोजे अजून घालते, आणि बाया अजून हसतात.

गिथैगा मुतुरीचे कॅन वाहतो. सकाळी फाटकावरून जाताना भोंगा वाजवतो. वांगारी काठी टेकत फाटकाशी जाते आणि त्याला हात करते. न्यागुथी गोठ्यात धार काढत असते, ती मान वर करत नाही.