भीमरत्नने बसवलेली बॅटरी

मंगळवार, ६ जानेवारी २०२६. पहाटे थंडी फार. दूध सहा दहाला आलं. पावणेसातला भीमरत्न न बोलावता आला. गाडी अजून चालू केली नव्हती.

एवढं मी सकाळीच लिहिलं. तो का आला ते लिहायला हात धजला नाही. ते आता लिहिते.

भीमरत्न निपाणीचा. त्याची आई यल्लव्वा तंबाखूच्या वखारीत पाला निवडायची. तिच्या कुशीत झोपलं की शिंका यायच्या, असं तो हसत सांगायचा. आयटीआय करून तो बेळगावला आला, दहा वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात राबला आणि मग शहराबाहेर मच्छे गावात गॅरेजसाठी स्वतःचं शेड टाकलं. आता पन्नाशीला आलाय. मुलगी पारमिता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीतल्या अकरा गाड्या त्याच्याकडे जायच्या. आमची छोटी पांढरी गाडीही, आमचे हे होते तेव्हापासून. हे गेल्यावर किल्ली कशी फिरवायची तेही मला त्यानंच दाखवलं. मला गाडी चालवता येत नाही. पण यांची गाडी मरू द्यायची नाही, म्हणून रोज सात वाजता मी ती चालू करते आणि तशी नोंद ठेवते.

नोव्हेंबरात ती सकाळी कुरकुरू लागली. भीमरत्ननं नवी बॅटरी बसवली. डिसेंबरात थंडी वाढली आणि पुन्हा तेच. मी समोरच्या रूपालीला म्हणाले, “जुनीच बसवली असणार त्यानं. ह्या लोकांवर विश्वास टाकला की असंच व्हायचं.”

‘ह्या लोकांवर’. तिनं मान डोलावली. कोणते लोक, ते तिला विचारावं लागलं नाही.

कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला माणसामाणसांत फरक करू नये असं शिकवलं होतं. घरातल्या कपबश्यांत मी तो कधी केला नाही. तेवढं पुरे, असं मी धरून चालले होते.

रूपाली म्हणाली, गल्लीच्या ग्रुपवर टाका, सगळे सावध होतील. मी टाकलं. नाव घालून, शुद्धलेखन तपासून.

आज सकाळी तो फाटकाशी उभा होता. “मॅडम, गाडी चालू केली न्हाय न्हवं अजून?”

एरवी तो मला आक्का म्हणतो.

“नाही.”

“बरं झालं. गारच बघायची हाय मला.”

चहा विचारला, तर “झालाय” म्हणाला. बॉनेट उघडून त्यानं बॅटरीला मीटर लावलं, आकडा मला दाखवला आणि मग किल्ली फिरवायला सांगितली. इंजिन गरगर फिरत राहिलं, पेट घेईना.

“ऐकलंसा? स्टार्टर जोरात फिरतोय. बॅटरी दमलेली असती तर एवढा फिरला असता व्हय?”

“पण बॅटरी तीच कशावरून?” मी विचारलं. हे मी त्याच्या तोंडावर विचारलं.

त्यानं मीटर बाजूला ठेवलं. मग म्हणाला, “त्या दिवशी तुम्ही चष्मा लावून बॅटरीवरचा नंबर उतरून घेतला होतासा. काढा की वही.”

मी वही आणली. तेवीस नोव्हेंबरचं पान, माझंच अक्षर. तो बॅटरीवरचे आकडे वाचत गेला आणि मी पानावर बोट फिरवत गेले. एकही आकडा वेगळा निघाला नाही. हे पान उलटायला अर्धं मिनिट लागलं असतं. मेसेजचं शुद्धलेखन तपासायला त्याहून जास्त वेळ लागला होता.

मग त्यानं इंजिनातले स्पार्क प्लग काढले. काळे, ओले. एक माझ्या नाकापाशी धरला. पेट्रोलचा भपकारा आला.

“रोज किती वेळ चालू ठेवता?”

“दोन मिनिटं. घड्याळ लावून.”

“आणि बाहेर?”

“बाहेर कशाला? पेट्रोल जातं.”

“तिथंच घोटाळा हाय. गार इंजिन सुरुवातीला लई पेट्रोल वढतं. गरम व्हायच्या आत तुम्ही बंद करता, मग त्ये जळत न्हाय, प्लगवर बसतं. रोज थोडं थोडं. जुनी बॅटरीबी ह्यानंच गेली. चालू करायला जेवढी खर्ची पडती तेवढी दोन मिनिटांत भरत न्हाय.” प्लग फडक्यानं पुसत तो म्हणाला, “माझंबी चुकलं. तवाच इचारायला पाहिजे होतं.”

त्यानं आपली चूक सांगितली आणि मी वही मिटून उभी. दीड वर्ष मी गाडी जपत होते, रोज तारखेसह.

नवे प्लग बसवल्यावर गाडी एका किल्लीत चालू झाली. तो हत्यारं आवरू लागला. मी म्हटलं, “चार घरांनी गाड्या दुसरीकडे नेल्या, ऐकलं मी.”

“गाड्या येतील न्हायतर न्हाय येतील. पारमितानं वाचला मेसेज. ह्याच गल्लीतली एक पोरगी तिच्या वर्गात हाय, तिनं दाखवला. घरी येऊन मला म्हणाली, पप्पा, खरं सांगा.” तो गाडीकडेच बघत होता. “मुलीला खरं सांगायला लागलं मला, मॅडम. हेच की मी चोर न्हाय.”

तो गेल्यावर मी ग्रुपवर लिहिलं. आधी ‘गैरसमज झाला’ असं लिहिलं, ते पुसलं. ‘बॅटरी नवीच आहे. मी न तपासता भीमरत्न यांच्यावर खोटा आळ घेतला. गाडी माझ्या चुकीनं बिघडली होती.’ मग समोर रूपालीकडे गेले, कारण तिच्यापाशी बोललेलं दुसरं वाक्य मी ग्रुपवर टाकलंच नव्हतं.

“रूपाली, मी त्या दिवशी ‘ह्या लोकांवर’ म्हणाले. घाण बोलले मी.”

“अहो आक्का, कोण लक्षात ठेवतंय एवढं!”

“पारमितासारख्या मुली ठेवतात. आणि तू मान हलवलीस, मला बरं वाटलं होतं.”

तिनं आमच्या गाडीकडे बघितलं. मग म्हणाली, दर रविवारी अर्धा तास गाडी मी फिरवून आणीन. मी हो म्हटलं. भीमरत्नला फोन लावायला दुपारी दोनदा बसले आणि दोनदा उठले. तिसऱ्यांदा लावला. माफ कर, एवढंच म्हणता आलं. “बरं मॅडम” म्हणून त्यानं ठेवला.

संध्याकाळची नोंद: फाटकासमोरच्या जास्वंदीच्या दोन कुंड्या भिंतीकडे सरकवल्या. गाडी बाहेर काढायला आता जागा आहे.