काकांना हूं कोण देणार

शाळेच्या फिल्मला आवाज मोठ्या काकांचाच असणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावात लोकांनी श्रमदानातून शाळा बांधली, तेव्हा काकांनी बैलगाडीतून दगड वाहिलेले. शाळेच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम चार दिवसांवर आला होता आणि फिल्म माझ्या गळ्यात. जालन्याहून मी माइक घेऊन गावी गेले, तर काका दाढी करून, टोपी घालून तयार. म्हटलं, "काका, तुम्ही दिसणार नाही, नुसता आवाज."

"असू दे की. टोपीबिगर बोलवत न्हाई मला."

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणारा हूं देतो. एक वाक्य झालं की हूं, दुसरं झालं की हूं. लहानपणी मी पेंगले आणि हूं थांबला, की काका गोष्ट तिथंच सोडायचे. पण माइक सगळंच उचलतो. म्हणून मी घरात बजावलं, कोणी चकार शब्द काढायचा नाही. स्वतःही तोंडावर बोट ठेवून बसले.

काका दोन वाक्यं बोलले आणि अडखळले. माझ्याकडे पाहिलं. मी हाताने खुणावलं, बोला. पुन्हा तेच. कधी दगड सांगायचे राहिले, कधी बैल राहिले. तासाभराने माझा पारा चढला. "काका, पारावर बसून तासन् तास बोलता, आज काय झालं तुम्हाला?"

ते ओशाळले. "समदं आठवून राह्यलं गं माय, पर तोंडातून निघून न्हाई राह्यलं."

घरी येऊन मी ती गोष्ट लिहून काढली आणि एआयला दिली. दोन मिनिटांत आवाज तयार. खणखणीत, ना धाप ना खोकला. सुटले बाई एकदाची, असं वाटलं. पण काकांना न विचारता लावायला मन होईना. दुसऱ्या दिवशी जाऊन मोबाइलवर ऐकवला.

काका भिंतीला टेकून ऐकू लागले. आवाज म्हणाला, गावकऱ्यांनी ओढ्यातून दगड आणले. काका म्हणाले, "हूं." आवाज म्हणाला, चढावर बैल थकले. "हूं." एकही वाक्य त्यांनी रिकामं जाऊ दिलं नाही. संपल्यावर मोबाइल माझ्या हातात देत म्हणाले, "बराबर सांगितलं त्यानं. हेच लाव."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला ऐकणारा लागतच नाही त्याला काकांनी इतके हूं दिले, आणि मी काल काकांना एकही दिला नव्हता. वर त्यांच्यावरच डाफरले होते.

पिशवीतून माइक काढला. "काका, टोपी घाला."

"आता कशाला? झालं की काम."

"घाला म्हणते ना."

त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. माझा आवाज रेकॉर्ड झाला तर होऊ दे. काकांनी टोपी सारखी केली, घसा खाकरला. "मंग काय, चढावर आमची बैलं बसली..." एवढं बोलून ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"हूं," मी म्हणाले, चांगलं मोठ्याने.