वीतभर उचललेली पेटी

ईशान आणि मीरा,

"आजी, तू सैन्यात कोणाशी लढलीस?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. कोणाशीही नाही. मी परिचारिका अधिकारी होते, लेफ्टनंट. आमच्या तुकडीतले आता मोजकेच उरलो आहोत, म्हणून एक दुपार लिहून ठेवते.

बहात्तरच्या दुष्काळात आमची वैद्यकीय तुकडी सांगली भागात आली होती. सकाळी रोल कॉल, मग गावोगाव लसटोचणी, संध्याकाळी रिपोर्ट. त्या दिवशी इस्पितळाचा जनरेटर मोठ्या लाकडी पेटीतून रेल्वेने आला. तो ताब्यात घ्यायला मी मालधक्क्यावर गेले. सोबत फोर्कलिफ्ट, तिचा ड्रायव्हर, काही जवान आणि वर्कशॉपचे हवालदार खोत, इस्लामपूरकडचे.

पेटी खाली टेकणार, तेवढ्यात ती बाजूला कलंडली. मशीनच्या उभ्या खांबावरचा, म्हणजे मास्टवरचा, तेलाचा एक पाइप चेपत ती शिपाई मारुती यादवच्या डाव्या पायावर बसली. हातांनी ढकलली असती तर छातीवर आली असती. मी त्याच्या मांडीला पट्टी आवळून रक्त थांबवलं.

खोतांनी फोर्कलिफ्टचं इंजिन सुरू केलं. ते छान चाललं. फोर्क, म्हणजे ओझं पेलणारे पुढचे दोन दाते, वर घेणारा लिव्हर ओढताच घुसमटून बंद पडलं. पुन्हा तेच. ड्रायव्हर डिझेलचा फिल्टर उघडायला धावला.

खोत म्हणाले, "फिल्टर ऱ्हाऊ दे. लिव्हर सोडला की चालतंय न्हवं? मग इंजिनाला काय धाड भरलीय?"

मी वायरलेसवर मेजरसाहेबांना कळवलं.

"मिरजेहून क्रेन निघतेय. दोन तास. ओव्हर."

"सर, तोवर पाय जाईल. नाडीही क्षीण आहे. ओव्हर."

"तिथे सीनियर तुम्ही आहात. निर्णय तुमचा. आउट."

खोत मास्टखालून उठले. "वर चढवायचा पाइप चेपलाय. तेलाला वाट न्हाई. जादा दाब सोडणारा व्हॉल्व्हबी अडकलाय. पंप फिरंना, म्हणून इंजिन मरतंय."

"दुरुस्तीला किती वेळ?"

"क्रेन आधी ईल."

"आवं हवालदार, हात चालवा की," मारुती म्हणाला. "पाय आमचा हाय."

"गप रं गड्या. तुझ्या वरातीत एका पायावर नाचशील व्हय?"

बोलता बोलता खोतांनी दुसरा लिव्हर ओढला, मास्ट मागे झुकवणारा; त्याचा पाइप वेगळा, शाबूत होता. इंजिन गुरगुरलं, पण चालू राहिलं. फोर्कची टोकं वीतभर वर आली.

"सिस्टर, एवढं पुरं?"

"पुरे. तेलाचा रबरी होज फुटला तर?"

"पेटी परत त्याच्यावरच."

मी चार जवानांना लाकडी स्लीपर घेऊन उभं केलं. पेटी उठेल तसे स्लीपर खाली सारायचे. मग मी खोतांना म्हणाले, "चालवा."

फोर्क पेटीच्या कडेखाली गेले. इंजिन कण्हलं. पेटी बोटभर उठली, मग वीतभर. जवानांनी स्लीपर सारले. मी मारुतीला काखेत धरून ओढलं. पाय बाहेर आला, आणि होज फुटला. पेटी स्लीपरवर बसली. खोत तेलाने न्हाले होते.

मेजर क्रेन घेऊन आले तेव्हा पाय यांनी वाचवला म्हणून मी खोतांकडे बोट दाखवलं. खोत सावधानमध्ये उभे राहून म्हणाले, "सर, आर्डर सिस्टरची. म्या नुस्ता लिव्हर वढला."

मला पुढे पदकं मिळाली, पण अभिमान वाटतो तो त्या दुपारचा.

दोन वर्षांनी हवालदार खोत उत्तरेत, बर्फात अडकलेली गाडी काढताना दरड कोसळून गेले. त्यांच्या गावच्या शाळेपुढे त्यांच्या नावाचा दगड आहे. मी साताऱ्याहून दर वर्षी जाते. मारुतीही येतात, कडेगावहून. त्यांचा डावा पाय किंचित आखूड आहे, पण आहे.