तिरप्या ओठांच्या बाहुल्या

बाहुलीचा डोळा रंगवताना वृंदाताई श्वास रोखून धरायच्या. ब्रश उचलला की मगच बोलायच्या, तेही बहुधा कुणाचा तरी उद्धार करायला. "श्वास हलला की डोळा हलतो, आणि डोळा हलला की बाहुली खोटारडी दिसते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या सावंतवाडीच्या, लाकडी खेळणी रंगवणाऱ्या घरातल्या. कुवेतमध्ये आमच्या हॉस्पिटलात त्या ऑपरेशन थिएटरच्या नर्स आणि मी भूल विभागातला टेक्निशियन. तिथल्या फिंतास भागात त्यांच्या शेजारी राहणाऱ्या हानाए नावाच्या जपानी बाईंनी त्यांना कोकेशी ही जपानी लाकडी बाहुली शिकवली: हात नाहीत, पाय नाहीत, लेथवर कातलेलं उभं धड, गोल डोकं आणि चेहऱ्यावर ब्रशचे मोजके फटकारे. मायदेशी परतताना हानाएबाई आपला छोटा लेथही ताईंना देऊन गेल्या. अम्गराच्या वखारीतून लाकूड निवडून आणायचं आणि सुटीला कातत बसायचं, हा ताईंचा नेम झाला.

आमच्याच मराठी घोळक्यातली चित्रा त्या बाहुल्या "प्रदर्शनात मांडते" म्हणून न्यायची. एकदा खैरानला, समुद्रकाठच्या शॅलेवर, म्हणजे भाड्याच्या सुटीघरात, सगळ्यांचं जेवण होतं. ताई आणि मी आत ताटं भरत होतो. बाहेर चित्रा पाहुण्यांना सांगत होती, "सगळं डिझाइन माझं. वृंदा नुसती लाकूड घासून देते."

ताईंनी ताटं बाहेर नेली, चित्रालाही वाढलं. परतताना गाडीत त्यांची मालवणी सुटली. राग आला की सुटायचीच. "सापाक दूध पाजलंय मी. आता ता तेका ओकूक लावतलंय."

पुढच्या प्रदर्शनासाठी चित्राने नव्या बाहुल्या मागितल्या. ताई "हो" म्हणाल्या आणि कित्येक आठवडे रंगवत राहिल्या. मलाही दाखवल्या नाहीत. उद्घाटनाच्या ऐन गर्दीत खोकी घेऊन आल्या, स्वतःच मांडणी केली, वर कापड टाकलं.

कापड निघालं. प्रत्येक बाहुलीला चित्राचा चेहरा होता: उजवीकडे घसरलेला ओठ, हनुवटीवरचा तीळ, समोरच्याला तोलणारी अर्धी मिटलेली नजर. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग अख्खा हॉल.

"वा चित्राताई, स्वतःला बरोबर ओळखलंत!" एक गृहस्थ म्हणाले.

"मी नाही केल्या ह्या!" चित्रा किंचाळली. "वृंदाने केल्यात! सगळ्या तीच करते, पहिल्यापासून!"

"एवढंच ऐकायचं होतं," ताई म्हणाल्या आणि दाराकडे चालू लागल्या.

त्या दिवशी मीही हसलो. पुढे चित्राने लोकांत येणंच सोडलं, तेव्हा मला वाईट वाटलं. ताईंना नाही. "माफ करूक मी काय देव आसंय?"

गेल्या हिवाळ्यात चित्रा आमच्याच थिएटरात आली, पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी. मास्कवरचे ताईंचे डोळे ओळखून ती टेबलावरच रडू लागली. "वृंदा, तू? दुसरं कुणी नाही का?"

ताईंनी तिचा हात धरला. "मीच आहे. घाबरू नकोस. इथे तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही."

"म्हणजे... माफ केलंस?"

"नाही," ताई शांतपणे म्हणाल्या.

डॉक्टरांनी भूल द्यायला सुरुवात केली. चित्राचे डोळे मिटेपर्यंत ताईंनी तो हात सोडला नाही.