बाळूच्या फोटोवरची सही

मंडळी, आज मुंबईची मॅच पाहून दहिवलीला परतलो. तुमच्यापाशी बोलल्याशिवाय राहवत नाही.

महायुद्ध नुकतंच संपलंय, आणि परदेशी सैनिकांचा क्रिकेट संघ आपल्याकडे खेळायला आलाय. आमचा पोरगा बाळू त्यांच्याच बाजूनं आफ्रिकेत लढताना बेपत्ता झाला. संघाची बातमी ऐकल्यापासून बायकोचा एकच धोशा, "अवो, त्यातला एखादा तरी बाळूला वळखत असंल. फोटू घेऊन जावा."

ते हिरवंगार मैदान पाहिलं आणि बाळू शाळेत हेल काढून म्हणायचा ती कुरणांची कविता ओठांवर आली. खेळ पाहिलाच नाही मी. नुसते चेहरे न्याहाळत होतो.

चहाच्या सुट्टीत एक उंच खेळाडू कुंपणापाशी आला. मी फोटो पुढे केला. "माय सन," एवढंच इंग्रजी सुचलं. तो गोड हसला, शेजारच्याचं पेन घेऊन बाळूच्या छातीवर झोकात सही केली आणि पुढच्या माणसाकडे वळला.

घरी ती दारातच उभी होती. तिला अक्षरओळख नाही. सहीवरून बोट फिरवत म्हणाली, "वळखलं ना त्यानी? काय लिवलंय?"

हातपाय धुतो म्हणून मागच्या दारी आलोय. ती हाका मारतेय. सांगा, तिला काय वाचून दाखवू?