दोन्ही वाड्यांच्या नर्सबाई

आमच्या नर्सबाई सगळ्यांना सारख्याच झापायच्या. सरपंच असो की गुराखी, ताप अंगावर काढून आला की बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू. "आता आलात? अजून थोडं थांबायचं होतं, लोकांनी खांद्यावरूनच आणलं असतं." बाई महाडच्या मुसलमान घरातल्या, नवरा आखातात नोकरीला. उपकेंद्रामागच्या खोलीत एकट्या राहायच्या. पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या आडगावाला असं माणूस मिळालं, आणि आम्ही त्याची किंमत केली नाही.

गावात वरची वाडी एका पक्षाची, खालची दुसऱ्याची. नुसतं मतापुरतं नाही, होळ्यासुद्धा दोन पेटायच्या. उपकेंद्र वरच्या वाडीच्या पुढाऱ्याने आणलं, म्हणून आमच्या खालच्या वाडीतलं कोणी तिथं पाय ठेवत नसे. पोर तापाने फणफणलेलं, आणि बाप त्याला पाठुंगळी घेऊन पोलादपूरची वाट धरणार. काय म्हणावं या अकलेला? माझे बाबा यात सगळ्यांच्या पुढे. "त्यांच्या दवाखान्यात आपली मानसं जानार नाय," हे त्यांनीच वाडीला सांगितलेलं.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. पेटी उचलली आणि थेट आमच्या पडवीत आल्या. "दादा, दवाखाना सरकारचा, सुई सरकारची, मला पगार सरकार देतं. ताप तेवढा तुमचा. यात पक्ष कुठं आला?" आत तापाने पडलेल्या माझ्या वहिनीला बाईंनी औषध दिलं, उठवून पेज पाजली. तेव्हापासून आमच्याकडच्या बायका लपूनछपून वर जायला लागल्या.

मग पोलिओच्या डोसाचा रविवार आला, नेमका निवडणुकीच्या तोंडावर. वरच्यांनी उपकेंद्राच्या दारावर आपल्या पुढाऱ्याचा कापडी फलक बांधला. तासाभरात आमच्यांनी शेजारी आपला बांधला. बाईंनी दोन्ही सोडले, नीट घड्या घातल्या आणि ज्याचा त्याला घरी नेऊन दिला. "आपापल्या घरावर लावा. इथं पोरांना डोस पाजायचाय."

झालं. ज्यांना एकमेकांच्या घरचा चहा चालत नव्हता, ते एका जीपमध्ये बसून अलिबागला, जिल्हा परिषदेत, बाईंची तक्रार करायला गेले. दोन्ही वाड्या एकत्र आल्या त्या एवढ्या एका कामाला. बाबा पुढच्या सीटवर होते.

बाईंची बदली झाली. जाताना गरोदर वहिनीला जवळ घेऊन म्हणाल्या, "कळांची वाट बघू नकोस. आधीच महाडला जाऊन राहा." उपकेंद्राला कुलूप लागलं. नवी नर्स आलीच नाही. वहिनीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. गाडी मिळून पोलादपूरला पोचेपर्यंत बाळ गेलं होतं.

पुढच्या निवडणुकीत आमच्या पक्षाचा पुढारी पडवीत येऊन बसला. बाबांनी त्याला पाट दिला. "आपलं सरकार येऊ द्या," तो म्हणाला, "नर्सबाई आणून देतो." सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडणारी वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"व्हती की बाय. तुमीच जीप करून घालवलीत," ती म्हणाली. "माजं बाळ कंच्या पक्षाचं व्हतं, तेवडं सांगून जा."

पुढारी उठून गेला. बाबा खाली मान घालून बसले. मला त्यांची कीव आली नाही. आजही येत नाही.